‘२६ लाख बहिणी अपात्र’ वाचून तुम्हाला राग नेमका कोणाचा आला?

वेशीवरचा:
जुलै २०२५ मध्ये दोन बातम्या पाठोपाठ आल्या. पहिली, लाडकी बहीण योजनेत २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र आढळले आणि जूनपासून त्यांचे पैसे थांबवले. मंत्री आदिती तटकरे यांनीच हा आकडा दिला. दुसरी, १४ हजार २९८ पुरुषांनी दहा महिने हप्ते उचलले, एकूण २१ कोटी ४४ लाख. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवसापासून जी धुलाई सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. फुकटे, चोर, दारात गाडी आणि हात पसरलेला वगैरे वगैरे.

मला राग आला, पण बायकांचा नाही. २८ जून २०२४ ला अजित पवारांनी विधानसभेत योजना जाहीर केली, जुलैत अर्ज सुरू झाले आणि २० नोव्हेंबरला मतदान झालं. अर्ज मंजूर करताना आधार बघितलं, खातं बघितलं. गाडी, आयकर, घरातली सरकारी नोकरी यांची नोंद सरकारच्याच दफ्तरात होती, ती बघायला वेळ नव्हता. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दोन्ही हप्ते मात्र दिवाळीआधीच एकदम जमा झाले. मतं मोजून झाल्यावर पात्रता आठवली. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, सुरू केली. मग चोर कोण?

डेक्कनकर:
वा! म्हणजे खोटं लिहून देणारा निर्दोष आणि विश्वास ठेवणारा गुन्हेगार. अर्जासोबत हमीपत्र होतं हो. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आयकर भरत नाही, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नाही, यावर सही करून दिलेली आहे. दोन हजारांवर सरकारी कर्मचारी महिलांनीही पैसे घेतल्याचं सरकारनेच सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं का? माझा कर पगारातूनच कापला जातो, मला कोणी हमीपत्र मागत नाही. या लोकांकडून वसुली व्हायलाच हवी.

ताळेबंद:
डेक्कनकर, सरकारी नोकरांकडून वसूल करा, त्यावर दुमत नाही. पण आकड्यांकडे जरा बघू. १४ हजार पुरुष म्हणजे या २६ लाखांत दोनशेमागे एक. मथळे मात्र त्यांचेच झाले, कारण ते वाचायला मजा येते. बाकीच्या नावांमागची कारणं मंत्र्यांनीच दिली: एकाच वेळी एकाहून जास्त योजनांचा लाभ, एका घरात दोनपेक्षा जास्त लाभार्थी.

आता अर्थसंकल्प उघडा. २०२४-२५ साठी तरतूद ४६ हजार कोटी होती, २०२५-२६ साठी ३६ हजार कोटी. महिन्याला १५०० म्हणजे एका बाईचे वर्षाचे १८ हजार. भागाकार केला की बरोबर दोन कोटी बायका येतात. योजना तर जवळपास अडीच कोटींपर्यंत गेली होती. म्हणजे मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात कागदावर नावं आधीच कापली गेली होती, कोणाची ते नंतर शोधलं. आणि महायुतीच्या जाहीरनाम्यातले २१०० द्यायचे म्हटले तर याच पैशांत दीड कोटी बायकाही बसत नाहीत. तुमच्या रागाला या हिशेबात जागा कुठे आहे ते सांगा.

डेक्कनकर:
जागा इथे आहे: २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातच राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेलं आणि महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर होती. नावं कमी केली हे चांगलंच झालं. आणखी कमी करा. आणि केवळ महायुतीला झोडपू नका, मविआने ३००० कबूल केले होते. ते आले असते तर आज तुम्ही कोणता भागाकार मांडला असता?

ताळेबंद:
हाच, दुप्पट रकमेचा. त्यात मला काही अडचण नाही.

बिलं_थकलेला:
मी छोटा ठेकेदार. ग्रामीण रस्ते, पाणीयोजना. काम पूर्ण, मोजमाप झालं, बिल अडकलंय. कार्यालयात गेलं की साहेब हसून ‘बहिणीकडे गेले’ म्हणतात. माझ्याकडच्या गवंड्यांच्या घरीही बायकाच आहेत, त्यांची चूल कोणाच्या हप्त्यावर पेटायची? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच त्रागा केला की खात्याची गरज नसेल तर ते बंदच करा. त्यांच्या खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विभागाचे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले होते. म्हणजे वसतिगृहातल्या पोरीचे पैसे काढून तिच्या आईला दिले. ह्याला ओवाळणी म्हणतात होय?

वेशीवरचा:
शिरसाटांचा मुद्दा धाग्यात घ्यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. फक्त ‘बहिणीकडे गेले’ म्हणणाऱ्या साहेबावर फार विश्वास टाकू नका. बिलं २०२४ च्या आधीही अडकत होतीच की, तेव्हा कारण वेगळं सांगायचे.

बागायतदार:
इथे सगळे शहरी आकडेमोड करताहेत. आमच्याकडे द्राक्षाच्या विरळणीला बायका मिळत नाहीत. विचारलं की म्हणतात, सरकार देतंय की. फुकटच्या पैशाने गावाची सवय बिघडली, एवढंच सांगतो.

पाटाकडेची:
दादा, पंधराशे भागिले तीस, दिवसाला पन्नास रुपये. रोजगार हमीचा दरसुद्धा २०२५-२६ मध्ये ३१२ होता. पन्नास रुपयांसाठी कोण बाई मजुरी सोडेल? ती तुमच्याकडे यायची थांबली असेल तर शेजारच्या बागेत चाळीस-पन्नास जास्त मिळत असतील. आधी सोमवारी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि आठवडाभर म्हणेल त्या दराला राबायचं, असं होतं. आता त्या बाईला ‘नाही’ म्हणता येतं. तुम्हाला तेच खुपतंय. राग मानू नका, मी स्वतः विरळणी केलेली आहे.

बागायतदार:
ताई, दर वाढवायला द्राक्षाला भाव तरी मिळू दे. सगळं शेतकऱ्याच्याच गळ्यात.

पाटाकडेची:
ते खरंय. पण मग भांडण व्यापाऱ्याशी आणि सरकारशी करा, खुरपं धरणारीशी का?

सेविका:
मी अंगणवाडीत आहे. अर्ज आम्हीच भरले, नारीशक्ती दूत ॲपवर, रात्री दोनला सर्व्हर चालायचा म्हणून जागून. अर्जामागे ५० रुपये ठरले होते. मग २०२५ च्या फेब्रुवारीत गाड्यांची यादी हातात दिली आणि म्हणाले, घरोघरी जाऊन खात्री करा. ज्या जावेचा अर्ज मी भरला तिच्याच दारात मी गाडी बघायला उभी. गाडी दिराच्या नावावर, चूल वेगळी, रेशनकार्ड एकच. आता तिला पात्र लिहू की अपात्र? सरकार आणि बाई यांच्या मधे मी, आणि शिव्या मला. हमीपत्राचं म्हणाल तर ते किती जणींना वाचून दाखवायला वेळ मिळाला हे मला माहीत आहे. रांग दारापर्यंत होती.

डेक्कनकर:
सेविकाताई, तुमचा त्रास मान्य. पण तुम्हीच सांगताय की वाचून न दाखवता सह्या घेतल्या. कायद्याच्या दृष्टीने हे काय झालं?

सेविका:
मोजून दीड-दोन महिने, सुट्टी नाही, पोषण आहाराचं काम वेगळं, आणि वरून रोज किती झाले किती झाले. तुम्ही या एकदा.

रेशीमगाठ:
निराधारांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या मावशीला संजय गांधी निराधार योजनेचे १५०० मिळतात, नवरा नाही. लाडक्या बहिणीचाही अर्ज तिने भरला होता. दुसऱ्या योजनेचे १५०० मिळतात म्हणून अपात्र. म्हणजे त्या मथळ्यातल्या २६ लाखांत तीही आली, तुमच्या ग्रुपवरच्या भाषेत ‘चोर’. गंमत बघा, निराधारला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आणि इथे अडीच लाख. जिचं काहीच नाही तिलाही १५००, आणि जिच्या घरात महिन्याला वीस हजार येतात तिलाही १५००. गरीब बाईसाठी योजना काढली म्हणणाऱ्यांनी आधी हे जुळवावं. वर ई-केवायसी सुरू केली तेव्हा नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार टाका म्हणाले, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. दोघंही गेलेत अशा किती बायका आहेत, किती जणींना नवऱ्याने टाकलंय. तो ओटीपी सांगणार होता?

डेक्कनकर:
२१ हजारांची मर्यादा मला माहीत नव्हती. ती वाढवायला माझी ना नाही, पैसे अडीच लाखवाल्यांचे कापून द्या. पण ई-केवायसी हवीच. एकदा नीट गाळणी लागली की पुढे भांडण उरणार नाही.

वेशीवरचा:
गाळणी लागेल हो, प्रश्न कधी लागते हा आहे. निवडणूक तोंडावर असली की गाळणी थांबते. तेव्हा किती नावं कापली जातात, बघा. मी म्हणतो, फारशी नाही.

डेक्कनकर:
आणि नाही कापली तर कर मीच भरणार.

ताळेबंद:
काका, ती बाई मीठ-साबण घेते तेव्हा तीही जीएसटी भरतेच.

डेक्कनकर:
मीठाला जीएसटी नाही. साबणावर बोला.