प्रतिसाद: शस्त्रं गोळा केली की झालं?

'युद्ध संपल्यावर शस्त्रं जमा करा, गुन्हेगारी आपोआप उतरेल' हे म्हणणं अर्धंच पटलं. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये सरकार आणि बंडखोरांमधलं यादवी युद्ध संपवणाऱ्या १९९२च्या शांतता करारानंतर जुनी सुरक्षा दलं मोडून नवं नागरी पोलीस दल उभारलं. भरतीत २० टक्के माजी बंडखोर, २० टक्के जुने पोलीस, उरलेले युद्धात नसलेले. आमच्या नाशकात त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी आहे. तिथं कालचे वैरी एका रांगेत कवायत करताहेत असं डोळ्यासमोर आणून बघा!

पण त्याच दशकात अमेरिकेनं लॉस एंजेलिसच्या टोळ्यांतली साल्वादोरी पोरं धडाधड मायदेशी पाठवली. नवखं दल त्यांना पुरं पडलं नाही. २०१५ साली तिथं लाख लोकांमागे शंभरावर खून झाले. त्याचं खापर नुसतं युद्धातल्या बंदुकांवर कसं फोडणार?