युकॉनने घड्याळ मागेपुढे करणं सोडलं: बरं केलं की फसलं?

उत्तरायण (व्हाइटहॉर्स)

गेल्या शनिवारी गटगला (आमच्या मंडळींच्या भेटीला) हा वाद जेवायला बसताना सुरू झाला आणि पुरणपोळ्या गार झाल्या तरी संपला नाही, म्हणून इथे आणतोय.

मी कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात, युकॉनमध्ये राहतो. दर वर्षी वसंतात घड्याळ तासभर पुढे करायचं (उन्हाळी वेळ) आणि हिवाळ्याआधी परत मागे घ्यायचं (प्रमाणवेळ), अशी इथली जुनी पद्धत. इथे ८ मार्च २०२० ला घड्याळ शेवटचं तासभर पुढे गेलं. त्या वर्षी १ नोव्हेंबरला शेजारच्यांनी काटे मागे घेतले, आम्ही घेतले नाहीत. उन्हाळी वेळच बारमाही झाली. आधी सरकारने लोकांना विचारलं होतं. अठ्ठेचाळीसशेच्या वर उत्तरं आली, त्यातल्या ९३ टक्क्यांना हा काटे फिरवण्याचा खेळ नको होता. ब्रिटिश कोलंबियाने २०१९ मध्येच तसा कायदा केला होता, पण ते अमेरिकेतल्या किनारी राज्यांची वाट बघत बसले. आम्ही बसलो नाही.

माझं मत: झकास निर्णय. २१ डिसेंबरला इथे सूर्य ११:०९ ला उगवतो आणि ४:४७ ला मावळतो. जुन्या वेळेने हेच १०:०९ आणि ३:४७ झालं असतं. ऑफिसला जाताना अंधार तेव्हाही होता, आताही आहे. फरक पडला तो दुपारी. लेक साडेतीनला घरी येते, दप्तर दारातच टाकते आणि स्लेड ओढत मागच्या उतारावर पळते. उणे वीसमध्ये तिच्या पापण्यांवर हिमाचे कण धरतात, पण वर आभाळ गुलाबी असतं. जुन्या वेळेत तिच्या बुटांच्या नाड्या बांधून होईपर्यंत दिवेलागण झाली असती.

दुसरा फायदा निव्वळ स्वार्थाचा. पुण्याचं अंतर आता बारा महिने साडेबारा तास. इथे सकाळचे आठ, तिथे रात्रीचे साडेआठ. आधी हिवाळ्यात ते साडेतेरा व्हायचं. आई मात्र तिच्या साडेआठलाच फोन लावायची आणि मी सातला पांघरुणातून "हं... हं..." करायचो. शेवटी तिने कॅलेंडरच्या नोव्हेंबरच्या पानावर "आता साडेनऊला" असं लिहून ठेवायला सुरुवात केली होती. ते आता लिहावं लागत नाही.

खडीसाखर (एडमंटन)

पुरणपोळी गार केलीत हा गुन्हाच, पण निर्णयही फसलेलाच आहे.

काटे फिरवणं बंद करा, याला माझा पाठिंबा. प्रश्न आहे थांबायचं कुठे? व्हाइटहॉर्स १३५ अंश पश्चिमेला आहे. पंधरा अंशांना एक तास धरला तर सूर्याच्या हिशोबाने तुम्ही ग्रीनिचच्या नऊ तास मागे असायला हवं. तुमची जुनी हिवाळी वेळ आठ तासांवर होती, म्हणजे तीच एक तास पुढे. आता बसलात सात तासांवर. ही दुहेरी उन्हाळी वेळ झाली. तुमच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्याची न्याहारीसुद्धा उरकलेली नसते, माथ्यावर यायला त्याला दोन वाजतात.

आणि डिसेंबरचे आकडे सगळे सांगतात, तो महिना दोन्हीकडून गेलेलाच असतो. फेब्रुवारीचा मध्य घ्या. तुमच्याकडे सूर्योदय साडेनऊच्या आसपास. प्रमाणवेळ असती तर साडेआठ, म्हणजे शाळेत शिरताना पोरांच्या तोंडावर ऊन. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं, संध्याकाळच्या नव्हे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०२० मध्ये बारमाही प्रमाणवेळेचीच बाजू घेतली होती.

आमच्या अल्बर्टात २०२१ च्या ऑक्टोबरात यावर सार्वमत झालं. बारमाही उन्हाळी वेळेला ५०.२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. त्यात मी एक. काटे फिरवायला आवडतात म्हणून नव्हे, डिसेंबरात पावणेदहाला उजाडलेलं नको होतं म्हणून.

रात्रपाळी (औलू, फिनलंड)

तुम्ही दोघं कुठे थांबायचं यावर भांडताय, आम्हाला थांबायलाच मिळत नाहीये. फिनलंडमध्ये २०१७ ला सत्तर हजारांवर लोकांनी सह्या केल्या. २६ मार्च २०१९ ला युरोपियन संसदेत ४१० विरुद्ध १९२ मतांनी काटे फिरवणं बंद करायचं ठरलं, २०२१ पासून. मग देशोदेशीच्या सरकारांचं एकमत होईना आणि घोडं अडलं ते अडलंच.

मी नर्स आहे. ऑक्टोबरात काटे मागे घेतात त्या रविवारी पहाटे चार वाजले की पुन्हा तीन वाजतात. माझी तेव्हा बहुतेक रात्रपाळी असते. चार्टवर लिहायचं, इंजेक्शन ३:२० ला दिलं. कुठल्या ३:२० ला? पहिल्या की दुसऱ्या? एकदा सकाळच्या पाळीच्या मुलीने पुढच्या डोसची वेळ तासाने चुकीची धरली. वेळीच लक्षात आलं, पण तेव्हापासून मी त्या रात्री पेनाने कडेला "जुने" आणि "नवे" असं लिहिते.

डिसेंबरात आमच्याकडे साडेदहाच्या सुमारास उजाडतं आणि दोनच्या सुमारास सूर्य जातो. जेमतेम साडेतीन तासांचा दिवस. एवढंसं फडकं इकडे ओढलं काय नि तिकडे ओढलं काय, पाय उघडेच. कुठलीही वेळ द्या, पण एकच द्या.

अर्धाकप

नाही ताई, "कुठलीही" म्हणू नका. मी ते भोगलंय.

एमबीबीएसला रशियात होतो, अर्खांगेल्स्कला. २०११ मध्ये रशियाने हेच केलं होतं, बारमाही उन्हाळी वेळ. आम्ही पोरं आधी खूश, झंझटच गेली म्हणून. मग हिवाळा आला. शरीररचनेचा तास अंधारात सुरू व्हायचा आणि अंधारातच संपायचा. सूर्य अकरा वाजून गेल्यावर यायचा. सांगलीचा रूममेट तीन गजर लावायचा, तिन्ही बंद करून झोपायचा आणि दुपारी विचारायचा, "सकाळ झाली का रं?" आम्ही त्याला हसायचो. जानेवारीपर्यंत माझीही तीच गत.

लोकांनी एवढी कुरकुर केली की २६ ऑक्टोबर २०१४ ला त्यांनी काटे तासभर मागे आणले आणि उन्हाळी वेळेचा नाद सोडला. अख्ख्या देशाने करून पाहिलेला प्रयोग आहे, आणि अर्खांगेल्स्क तर युकॉनच्याच अक्षांशांवर. "उत्तरेत काय, अंधार तो अंधारच" हे कागदावर ठीक आहे. अंथरुणातून उठताना तसं वाटत नाही.

गिरगावकर

आमच्या मुंबईने तर स्टँडर्ड टाइमच मानायला नकार दिला होता. मुंबईची स्वतःची वेळ, मुंबई टाइम, त्याच्या ३९ मिनिटं मागे. १९०६ मध्ये गिरणी कामगारांनी त्यावरून दंगा केला, आणि महापालिका मुंबई टाइम धरून बसली ती थेट स्वातंत्र्यानंतरपर्यंत. आजोबा सांगायचे, लग्नाच्या मुहूर्तापुढे कुठला टाइम ते लिहावं लागायचं, नाहीतर अर्धं वऱ्हाड अक्षता पडल्यावर पोचायचं. तेव्हा घड्याळावरून भांडण्यात आपला हात कुणी धरू नये. चालू द्या.

उत्तरायण (व्हाइटहॉर्स)

अर्धाकप, तुमचा मुद्दा लागला. पण रशियात वरून फर्मान आलं होतं, आम्हाला विचारून केलंय. आणि खडीसाखर, नऊ तासांचं गणित बरोबर असलं तरी घड्याळ फक्त सूर्यासाठी नसतं. आम्ही गेल्या हिवाळ्यात गाडीने अलास्काला गेलो. बीव्हर क्रीकनंतर सीमा ओलांडली आणि घड्याळ एकदम दोन तास मागे. सकाळचा नाश्ता दोनदा झाला, लेक खूश. आम्ही नऊ तासांवर गेलो तर तिकडे जुळेल, पण माल आणि माणसं बहुतेक दक्षिणेतून येतात, अलास्कातून नव्हे.

फेब्रुवारीचं मात्र मान्य करतो. सकाळी तिला उठवणं म्हणजे ओली गादी उचलण्यासारखं आहे. त्यावर उपाय सोपा आहे. शाळेची घंटा तासभर उशिरा करा, घड्याळाला हात लावू नका.

खडीसाखर (एडमंटन)

करा की. मग घंटा तासभर उशिरा, सुटी तासभर उशिरा, आणि लेक घरी येणार साडेचारला. तुमचा सूर्य जातो ४:४७ ला. नाड्या बांधायला किती वेळ लागतो म्हणालात?