जबड्याला छर्रे लागलेत, पुढच्या ऑपरेशनसाठी मुंबईत कुठे दाखवावं?

देवगडकर_दादर
मंडळी, सल्ला हवाय. गावी भाचा (वय २६) रानडुकरांच्या पाळतीवर गेला होता. सोबत्याच्या ठासणीच्या बंदुकीचा बार जवळून खालच्या जबड्याला, डाव्या बाजूला बसला. गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात गळ्यातून नळी घालून जीव वाचवला, जखम साफ केली, बाहेरून सळ्या लावून जबडा धरून ठेवलाय. मधलं चार बोटं हाड नाहीच. नाकातल्या नळीने पेज चाललीय. मुंबईत चांगला प्लास्टिक सर्जन कोण?

शिवडीची_सिस्टर
दादा, एकट्या सर्जनचं नाव शोधू नका. प्लास्टिक सर्जरी आणि मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याचे सर्जन), दोघं मिळून केस बघतील अशी जागा शोधा. एवढी फट नुसत्या धातूच्या प्लेटवर सोडली तर पुढे प्लेट तुटते किंवा कातडीतून बाहेर येते. पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्यात बसवतात आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. वजन मुख्यतः दुसऱ्या हाडावर असतं, त्यामुळे पोरगा नीट चालेल. मुंबईत या कामाला हात बसलेले लोक आहेत, कारण तंबाखूच्या कॅन्सरमुळे जबडे काढावे लागतात. गुटख्याचा एवढाच काय तो उपकार!
केईएमला किंवा नायरला दाखवा. नायरला शेजारीच दंत महाविद्यालय आहे, पुढे दात बसवायला ते सोयीचं.

गिरगावचा_बंड्या
टाटाला न्या ना सरळ, सगळ्यात जास्त जबडे तिथेच होतात.

शिवडीची_सिस्टर
बंड्या, ते कॅन्सरचं रुग्णालय आहे रे. उगाच हेलपाटा होईल त्यांना.

देवगडकर_दादर
ताई, आभार. काही छर्रे अजून गालात आहेत. तेही काढायला हवेत ना? आणि खर्चाचं?

शिवडीची_सिस्टर
सगळे काढायच्या मागे लागत नाहीत. खोल रुतलेला एकेक छर्रा शोधताना चेहरा हलवणारी नस (नर्व्ह) दुखावण्याची भीती जास्त. सांध्यात किंवा मोठ्या वाहिनीजवळ असेल तर गोष्ट वेगळी. एमआरआय सांगितलाच तर आत छर्रे आहेत हे आधी बजावून सांगा, पोलादी असले तर चुंबकाने सरकू शकतात. ओठ वाकडा होतो का, डोळा पूर्ण मिटतो का, हे पहिल्या भेटीतच विचारा. नस तुटली असेल तर जोडण्यात उशीर परवडत नाही.
येताना सीटी स्कॅनची सीडी आणा, नुसत्या रिपोर्टवर भागत नाही. त्यावरून जबड्याचा साचा छापून प्लेट आधीच वाकवून ठेवता येते. केस एमएलसी (पोलिसांत नोंद होणारी) असणार, ते कागदही हवेत. खर्चासाठी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला (रुग्णालयातच बसणारा योजनेचा माणूस) भेटा, रेशनकार्ड जवळ ठेवा.
आणि भाचा तंबाखू खातो का?

देवगडकर_दादर
खातो. मशेरीपण.

शिवडीची_सिस्टर
मग आजपासून बंद. निकोटिनने वाहिन्या आवळतात, जोडलेलं हाड काळं पडू शकतं. सर्जनपासून लपवू नका, ऑपरेशनची तारीख त्यावर ठरेल.