फोनवर बोलायला वायरलेस हेडसेट : काय बघून घ्यावा? (अनुभव धागा)

गाण्यांना झकास असलेला हेडसेट फोनवर बोलायला चांगला निघेलच असं नाही. इथे फक्त बोलण्यापुरतं लिहूया: माइक, बॅटरी, काय बिघडतं, घेताना काय तपासायचं. 'कुठली कंपनी भारी' हे नको, मॉडेलं भराभर बदलतात.

रात्रपाळी
दिवसभर कॉल असतील तर दांडीचा (गालावरून तोंडाशी येणाऱ्या दांडीच्या टोकावरचा) माइक घ्या, दिसायला कसाही असो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. दांडीचा माइक ओठांपासून ३ सेंमीवर असतो, कानातल्या कळीचा (इअरबडचा) १२ सेंमीवर. म्हणजे तुमचा आवाज १२ डेसिबलने पडला, पंखा आणि मिक्सर मात्र आहेत तिथेच. मग सॉफ्टवेअर ते गाळायला जातं आणि तुमच्या शब्दांची शेपटंही कापतं. दांडी ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं बाजूला ठेवा. अगदी तोंडासमोर आली की 'प', 'फ', 'भ'ला हवा आदळून फट्‌फट् ऐकू जातं.

खोकं वाचणारा
एएनसी आणि ईएनसी या गोंगाट कमी करायच्या दोन वेगळ्या सोयी, त्यांत गल्लत करू नका. एएनसी तुमच्या कानासाठी: लोकलची घरघर तुम्हाला कमी ऐकू येते. ईएनसी समोरच्याच्या कानासाठी: तुमच्या मागचा गलका त्याच्याकडे कमी जातो. खोक्यावर नुसतं एएनसी ठळक छापलं असेल तर बोलण्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. बॅटरीचा '४० तास' हा आकडाही बहुधा चार्जिंगच्या डबीसकट असतो. बोलण्याचे तास वेगळे दिलेत का बघा, ते गाण्यांपेक्षा कमीच असतात. कळ्याच घ्यायच्या तर एक कानात, एक डबीत, अशी आलटून पालटून वापरा.

सिग्नल
गाणी छान वाजतात आणि कॉल आला की डब्यातून बोलल्यासारखं का होतं? गाण्यांचा मार्ग एकतर्फी असतो. कॉलला माइकही चालू होतो, म्हणून ब्लूटूथ हँड्सफ्री प्रोफाइलवर, म्हणजे कॉलसाठीच्या दुतर्फी मार्गावर उतरतं. तिथे आवाज पाठवायची जुनी सीव्हीएसडी पद्धत असेल तर सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतले जातात, एमएसबीसी असेल तर १६,०००. ब्लूटूथच्या नव्या एलई ऑडिओतली एलसी३ पद्धत त्याहून वर जाऊ शकते, पण ती फोन आणि हेडसेट दोन्हीकडे हवी. ८,००० वर 'स'ची धारच जाते. लॅपटॉपवर मीटिंग असेल तर माइक लॅपटॉपचा निवडा आणि हेडसेट फक्त ऐकायला ठेवा, आवाज लगेच उघडतो.

मागचा खिसा
चालताना आवाज तुटतो म्हणून हेडसेट बदलण्याआधी फोनचा खिसा बदला. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शरीर शोषून घेतं. फोन उजव्या मागच्या खिशात आणि कळी डाव्या कानात, हे सगळ्यांत वाईट. घरात तुटत असेल तर त्याच २.४ वर चालणारं वायफाय ५ गिगाहर्ट्‌झवर न्या.

डागडुजी
एका कानाचा आवाज बारीक झाला की बहुतेक वेळा जाळीत मळ असतो. रबर काढा, जाळी जमिनीकडे धरा, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. सुई नको, स्पिरिट ओतणं तर नकोच, मळ विरघळून आत जातो. कळी चार्जच होत नसेल तर पिनांवर घामाचा हिरवट थर आलाय का बघा. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिलचा थेंब घेऊन पुसा, पूर्ण सुकल्यावरच डबीत ठेवा.

आणखी एक. स्वस्त हेडसेट कधी सी-टू-सी (दोन्ही टोकांना टाइप-सी) केबलने चार्ज होत नाही, ए-टू-सीने (एका टोकाला जुना चपटा यूएसबी) होतो, म्हणून 'पीस खराब' म्हणून परत करतात. आत ५.१ किलोओमचे दोन रेझिस्टर टाकायचे वाचवलेले असतात. ते नसले की सी पोर्टचा चार्जर वीज सोडतच नाही. जुनी ए-टू-सी केबल जपून ठेवा.

खोक्यावरचं आयपीएक्स४ हे पाण्यापासूनच्या संरक्षणाचं मानांकन, म्हणजे शिंतोड्यांपुरतं. पावसात चालेल, नळाखाली नाही. डबीला ते लागू आहे असं धरूच नका.

दोन फोनवाली
@खोकं वाचणारा, खोक्यावर बघायच्या गोष्टींत मल्टिपॉइंटही जोडा. फोन आणि लॅपटॉप एकदम जोडलेले राहतात. पण लॅपटॉपवर नोटिफिकेशन टिंग करून वाजलं की काही हेडसेट तिकडे पळतात, तेव्हा लॅपटॉपचे आवाज बंद ठेवा. आणि गाणी वाजतात पण कॉल हेडसेटवर येत नाही, असं झालं तर अँड्रॉइडच्या ब्लूटूथ यादीत हेडसेटच्या नावापुढच्या चाकाच्या चिन्हावर (सेटिंग) जाऊन 'फोन कॉल्स' चालू आहे का बघा.

तपासनीस
परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. फोनच्या रेकॉर्डरवर तपासू नका, तो बऱ्याचदा फोनचाच माइक वापरतो. घरच्यांना दुसऱ्या खोलीत फोन घेऊन बसवा, कॉल लावा. आधी पंखा बंद, मग फुल, मग रस्त्याकडची खिडकी उघडून, तिन्ही वेळा नेहमीच्या आवाजात हे आकडे उलटसुलट म्हणा: बासष्ट, पासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. त्यांनी कागदावर लिहायचे. खिडकीपाशी बासष्टचे पासष्ट झाले तर मुकाट्याने परत करा.