युद्धापूर्वीची पोलंडमधली ज्यू गावं : मेली कशी एवढंच, की जगली कशी हेही?

आडवाट :

वॉर्साच्या उत्तरेला नाशेल्स्क नावाचं छोटं गाव आहे. तिथे जन्मून लहानपणीच अमेरिकेत गेलेला एक माणूस ऑगस्ट १९३८ मध्ये युरोपच्या सहलीवर असताना गावी डोकावला आणि कॅमेरा फिरवून परत गेला. गावातलं चित्रण जेमतेम तीन मिनिटांचं, काही भाग रंगीत. पोरं कॅमेऱ्यासमोर यायला एकमेकांना ढकलताहेत, मागची उड्या मारताहेत. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, दारातून माणसं बाहेर पडताहेत. दीडशेहून जास्त चेहरे दिसतात. २००९ मध्ये त्यांच्या नातवाला फ्लोरिडातल्या घरी ही फिल्म सापडली आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) संग्रहालयाने ती वाचवली. पुढे एका कुटुंबाने त्यातला तेरा वर्षांचा मुलगा ओळखला. तो युद्धातून वाचला होता आणि आता ऐंशी ओलांडलेला होता. शेजारच्या काही मुलांची नावं त्याने सांगितली.

गावात तेव्हा सुमारे ३००० ज्यू होते. युद्धानंतर शंभरही उरले नाहीत.

या फिल्मबद्दल मी जिथे जिथे वाचलं, तिथे सगळे धावत या शेवटच्या आकड्यापाशी येतात. माझी तक्रार नेमकी हीच आहे. १९३१ च्या जनगणनेत पोलंडमध्ये ३१ लाख ज्यू होते, देशाच्या जवळपास दहा टक्के. त्यातले कितीतरी अशा छोट्या गावांत राहत, आणि काही गावांत तर निम्म्याहून जास्त वस्ती त्यांचीच. शिंपी, चांभार, गाडीवान, सुतार, किराणावाले. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून पोलिश शेतकरी धान्य, अंडी, कोंबड्या घेऊन येणार आणि जाताना बूट, कापड, मीठ, रॉकेल घेऊन जाणार. गावात बिनव्याजी कर्ज देणारा फंड असे, म्हणजे शिंप्याचं मशीन मोडलं तर त्याला सावकाराकडे जायला नको. मयताचं सगळं बघणारी मंडळी वेगळी. लहान मुलांना हिब्रू अक्षरं शिकवणारा खेडर, मोठ्यांना अभ्यासगृह.

आणि भांडणं! बुंड पक्षाचे समाजवादी, पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्र मागणारे झिओनिस्ट, सनातनी अगुदावाले. एकाच घरात तीन भाऊ तीन पक्षांत. प्रत्येक पक्षाची शाळा वेगळी, वाचनालय वेगळं, हौशी नाटकमंडळी वेगळी. हे सगळं बाजूला सारून आपण त्या माणसांना फक्त मरणाच्या रांगेत उभं करतो. हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

विल्नातल्या (तेव्हा पोलंडमध्ये, आताचं लिथुआनियातलं विल्नियस) यिवो या ज्यू संशोधन संस्थेने १९३२, १९३४ आणि १९३९ मध्ये ज्यू तरुणांसाठी आत्मचरित्र लिहिण्याची स्पर्धा घेतली होती. सहाशेच्या वर वह्या आल्या. पुढे काय होणार याची सुतराम कल्पना नसताना लिहिलेल्या. शिक्षण अर्धवट सुटलं, बाप ऐकत नाही, काम मिळत नाही, एका मुलीवर जीव जडलाय, गावाचा कंटाळा आलाय. मला ते गाव असं वाचायचं आहे.

विशाखा_के :

आडवाट, तळमळ पोचली, पण मुद्दा अजिबात पटला नाही.

तुम्ही त्या वह्यांचा दाखला दिलात म्हणून सांगते. १९३९ च्या स्पर्धेचा बक्षीस समारंभ ठरला होता १ सप्टेंबरला. त्याच दिवशी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. आता ती वही हातात घेऊन "शेवट विसरून वाचूया" असं मी म्हणूच शकत नाही, आणि म्हणू नये असंही मला वाटतं. लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे, आणि आपण त्याची जबाबदारी घेऊनच वाचायला हवं.

दुसरं म्हणजे, आठवडी बाजाराचं तुमचं चित्र फार गोडगोड आहे. शनिवारी धर्माने दुकान बंद, रविवारी पोलंडच्या नव्या कायद्याने बंद. आठवड्यातले दोन दिवस गेले, आणि शेजारचा ख्रिस्ती दुकानदार सहा दिवस उघडा. अमेरिकेने १९२४ मध्ये दार लावून घेतलं, त्यामुळे बाहेर पडायची वाट बंद. १९३६ मध्ये खुद्द पंतप्रधान संसदेत म्हणाले की मारहाण नको, पण आर्थिक लढाई खुशाल. ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार घाला असं उघड सांगणारे लोक बाजारात उभे राहू लागले. प्शितिक गावात ९ मार्च १९३६ ला, बाजाराच्याच दिवशी, ठेल्यांवरून सुरू झालेलं भांडण दंगलीत गेलं. दोन ज्यू आणि एक पोलिश शेतकरी मेला. मेलेले ज्यू म्हणजे एक चांभार आणि त्याची बायको, आपल्या घरात.

म्हणजे ज्या बाजारचौकाचं तुम्ही कौतुक करता, तिथेच शेवटाची सुरुवात झाली होती. जगणं एका कप्प्यात आणि मरण दुसऱ्या कप्प्यात ठेवायला ते काही वेगळे नव्हते.

आडवाट :

विशाखाताई, प्शितिक मी टाळत नाहीये. तुम्ही ती घटना जिथे थांबवलीत त्याच्या पुढचं सांगतो. आठच दिवसांनी, १७ मार्चला, बुंडने देशभर अर्ध्या दिवसाचा संप पुकारला. गावोगाव ज्यू दुकानं आणि कारखाने बंद राहिले, पोलिश समाजवादी कामगारही त्यात उतरले. प्शितिक म्हटलं की दंगल सगळ्यांना आठवते, संप कोणाला माहीत नसतो. शेवटापासून मागे वाचत आलं की नेमकं हेच गळतं, कारण संपाने शेवट बदलला नाही. पण त्या दिवशी दुकानाची फळी लावून घेणाऱ्या माणसाने काहीतरी ठरवलं होतं. त्याला "येणाऱ्या संकटाची सावली" एवढ्यात गुंडाळायचं का?

आणि शेवट ठरलेलाच होता असं मानणं मला धोक्याचं वाटतं. त्यात मारणाऱ्यांची जबाबदारी कमी होते. बहिष्कारातून गॅस चेंबर आपोआप येत नाही. ते जर्मन सत्तेने ठरवून, माणसं नेमून, रेल्वेचं वेळापत्रक लावून केलं.

विशाखा_के :

शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. बाकीच्याशी नाही.

कंदील :

फोटोंबद्दल थोडं. आपल्या मनातलं पूर्व युरोपातलं ज्यू गाव म्हणजे दाढीवाले म्हातारे, फाटक्या कोटातली मुलं, चिखल. यातली बरीच चित्रं रोमान व्हिश्नियाकच्या १९३५ ते १९३८ मधल्या फोटोंतून आली आहेत. ते काम त्याला एका अमेरिकन ज्यू मदतसंस्थेने दिलं होतं, निधी गोळा करण्यासाठी. साहजिकच गरिबी आणि धार्मिकता निवडली गेली. पुढे त्याचा पूर्ण संग्रह उघडला तेव्हा त्यात आधुनिक कपड्यांतली, हसणारी, शहरी माणसंही निघाली. म्हणजे युद्धाआधीच कोणीतरी ठरवत होतं की या लोकांकडे दयेने बघायचं. आडवाट यांच्या बाजूने माझं एक मत.

रोह्याची_नात :

मी बेने इस्राएली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. आजोळ अलिबागच्या इस्राएल आळीतलं. हा धागा वाचताना इथल्या कोणाच्याही मनात आपलं कोकण येणार, म्हणून आधीच सांगते : ती तुलना नको.

आमचीही गावं रिकामी झाली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणायचे. रोहा, पेण, पनवेल, रेवदंडा, आडनावं सगळी तिथलीच. १९४८ नंतर घरटी माणसं इस्रायलला गेली. अलिबागचं सिनेगॉग आज उभं आहे, पण आळीत घरं मोजकी. आई सांगते की जाताना शेजारणींनी पुरणपोळ्या बांधून दिल्या होत्या. तिकडे गेल्यावर आमच्या लोकांनी मराठीत 'मायबोली' नावाचं मासिक चालवलं. जी माणसं गेली ती जिवंत गेली, पत्रं आली, लग्नाला परत आली.

म्हणून मला आळीबद्दल मोकळेपणाने, हसत बोलता येतं. नाशेल्स्कच्या माणसाला ते जमणार नाही. डिसेंबर १९३९ मध्येच त्या गावातल्या ज्यूंना हाकलून स्टेशनवर नेलं आणि गाडीत कोंबलं. दादा, तुम्ही जो मोकळेपणा मागताय तो आमच्यासारख्यांना मिळतो, त्यांना नाही. मी विशाखाताईंच्या बाजूची.

आडवाट :

ताई, तुमच्या शब्दाला माझ्यापेक्षा वजन आहे हे मान्य. तरी विचारतो. युद्धातून वाचलेल्यांनी आणि आधीच बाहेर पडलेल्यांनी तेल अवीव, न्यूयॉर्क, ब्वेनोस आयरेसमध्ये बसून आपापल्या गावाची स्मृतिपुस्तकं काढली. अशी शेकडो पुस्तकं आहेत, बहुतेक यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) आणि हिब्रूत. ती उघडली की बऱ्याचदा आधी गावाचा हाताने काढलेला नकाशा येतो : हा पंप, ही न्हाणीघरं, ही गिरणी, हा बाजार. मग गावातले पक्ष, गवई, वेडे, टोपणनावं. मग संहार, आणि अखेरीस मेलेल्यांच्या नावांची यादी. हा क्रम त्यांनीच लावलाय, मी नाही.

विशाखा_के :

ती पुस्तकं मोठी आहेत, पण लिहिलेली कोणी? त्यातले कितीतरी लेखक १९२० च्या दशकात किंवा त्याआधी गाव सोडून गेलेले. त्यांच्या डोळ्यासमोर त्यांचं बालपणीचं गाव. १९३८ मध्ये जो तिथे कर्जाचा हप्ता फेडत होता, बहिष्कारवाल्यांसमोर ठेला मांडत होता, तो बहुधा लिहायला उरलाच नाही. म्हणून नकाशात पंप नीट येतो आणि शेवटची पाच वर्षं पुसट होतात.

ईशान्य पोलंडमधल्या टिकोचिन गावाला मी गेले आहे. १६४२ चं सिनेगॉग, भिंतींवर उंचच उंच रंगवलेल्या प्रार्थना, ज्याच्याकडे पुस्तक नाही त्याला भिंतीवरून वाचता याव्यात म्हणून. मधोमध चार जाड खांबांचा चौथरा. फार सुंदर जागा आहे, १९७० च्या दशकात दुरुस्त करून तिथे संग्रहालय केलं. लोक येतात, छान म्हणतात, जवळच ज्यू पद्धतीचं जेवण जेवतात, निघतात. २५ ऑगस्ट १९४१ ला तिथल्या ज्यूंना बाजारचौकात जमवलं आणि वोपुखोवोच्या जंगलात नेऊन गोळ्या घातल्या. आमच्या बसमधले निम्मे लोक त्या जंगलात उतरलेच नाहीत. तुमचं "जगणं बघा" प्रत्यक्षात उतरलं की त्याचं हे असं होतं. मला भीती याची आहे.

कंदील :

विशाखाताई, पण त्या निम्म्या लोकांना भिंतींवरचं तरी काय कळलं? त्यांनी जगणंही बघितलं नाही. दोन्ही चुकलंच.

आडवाट :

स्मृतिपुस्तकांचा तुमचा आक्षेप मला मान्य करावाच लागेल, गेलेल्यांनी लिहिलेलं गाव जुनं असतं. म्हणूनच मी सुरुवातीला वह्यांकडे बोट दाखवलं होतं. त्या १९३० च्या दशकात तिथेच राहणाऱ्यांनी लिहिल्या. त्यातल्या काही नाझींच्या लुटीतून वाचल्या. मग सोव्हिएत काळात आंतानास उल्पिस या लिथुआनियन ग्रंथपालाने असे ज्यू कागद विल्नातल्या एका जुन्या चर्चमध्ये दडवून ठेवले. २०१७ मध्ये त्या साठ्यातला मोठा भाग पुन्हा उजेडात आला. उल्पिस स्वतः ज्यू नव्हता. मेलेल्यांची यादी जपायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने जपलं काय, तर विशीतल्या पोरांच्या तक्रारी, हिशेब, नाटकाच्या जाहिराती.

जंगलात न उतरणाऱ्यांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. उतरायलाच हवं होतं.

रोह्याची_नात :

त्या वह्यांपैकी निवडक इंग्रजीत आल्या आहेत ना? मराठीत कोणी करत असेल तर मी मदत करीन. यिडिश येत नाही, पण सणवार, स्वयंपाक, प्रार्थना यातलं काही अडलं तर विचारा. विशाखाताई, तळटीपा तुम्ही लिहा. गावाचं पुढे काय झालं ते प्रत्येक वहीखाली तारखेसकट यायला हवं. आडवाट दादांना चालणार असेल तर.

आडवाट :

वहीखाली चालेल. वहीच्या आधी नको.

विशाखा_के :

यावर आपण भांडू. पण तळटीपा मी लिहिते.