कामगार कपातीला सरकारी परवानगी: १०० ची मर्यादा ३०० झाली, हे बरं की वाईट?

हजेरीपट (धागा)

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला. तेव्हापासून ओरड एकाच आकड्यावर चालू आहे. आधी १०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं), कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागायची. आता ती ३०० पासून लागते.

माझ्या मते हे बरं झालं. आणीबाणीत, १९७६ मध्ये, ही अट आली तेव्हाही आकडा ३०० च होता. १९८२ च्या दुरुस्तीने तो १०० वर आणला. त्यातून काय झालं ते कुठल्याही एमआयडीसीत दिसतं: कंपनीच्या मस्टरवर ९५ माणसं आणि त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर ठेकेदाराची दीडशे. ठेका निव्वळ कागदी आहे हे सिद्ध होईपर्यंत ती दीडशे कंपनीच्या संख्येत येतच नाहीत. शंभराच्या कुंपणाने परमनंट माणूस वाचवला नाही, तो घेणंच थांबवलं.

भांडायचं तर कपात झालेल्याला मिळणाऱ्या भरपाईच्या दरावर भांडू. भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार, हा दर १९५३ मध्ये ठरला. नव्या संहितेतही तोच आहे.

दुसरी पाळी

पूर्ण असहमत. परवानगीच्या अटीचा उपयोग सरकारच्या नकारापुरता नव्हता. मालकाला कपातीची कारणं लेखी द्यावी लागायची, अर्जाची प्रत कामगारांना द्यावी लागायची, सुनावणी व्हायची. या काळात युनियन टेबलावर बसायची आणि १५ दिवसांपेक्षा बराच वरचा आकडा स्वेच्छानिवृत्तीत पदरात पाडून घ्यायची. त्यासाठी लागणारा वेळ हीच तर कामगाराची ताकद होती.

आणि ‘सरकार फाइल दाबून बसतं’ हा युक्तिवादही कायद्यात बसत नाही. अर्जाला ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असंच धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मीनाक्षी मिल्सच्या प्रकरणात कपातीच्या परवानगीची तरतूद घटनेत बसते असं म्हटलं, ते याच चौकटीमुळे.

आता २८० माणसांचा कारखाना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार देतो आणि मोकळा होतो.

फाइल नं. ७

‘मोकळा होतो’ इतकं सोपं नाही, आणि कामगार इथेच हातचं घालवतात. परवानगी लागत नसली तरी या गोष्टी पाळाव्याच लागतात:

कपातीचं कारण लिहिलेली एक महिन्याची नोटीस, किंवा तिचा पगार. भरपाई कामावरून काढतानाच हातात द्यायची, ‘पुढच्या महिन्यात हिशेब घेऊन जा’ चालत नाही. ही पूर्वअट आहे, ती चुकली तर कपातच बेकायदेशीर ठरते. मग सरकारला कळवणं. आणि त्या-त्या प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जायला हवा. तो क्रम मोडायचा असेल तर कारण नोंदवावं लागतं.

मालक सर्वात जास्त चुकतात ते या सेवाज्येष्ठतेत. फिटर आणि हेल्पर एकाच यादीत टाकतात, किंवा नको असलेला युनियनचा माणूस मधूनच उचलतात. म्हणून कपातीची कुणकुण लागली की यादीचा फोटो काढून ठेवा आणि रुजू झाल्याची तारीख स्वतःच्या पीएफच्या नोंदीशी ताडून बघा.

दुसरी चूक कामगारांची. हे संरक्षण वर्षभर सलग नोकरी झालेल्याला मिळतं, आणि बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्ष धरतात. ‘माझे २४० दिवस भरले नाहीत’ असं समजून गप्प बसतात. २४० दिवस मोजताना प्रत्यक्ष हजेरीबरोबर पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सणाच्या सुट्ट्याही धरायच्या असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलंय. २०५ हजेऱ्या आणि वर्षाच्या पगारी सुट्ट्या मिळून आकडा सहज ओलांडतो.

हजेरीपट

नेमकं हेच म्हणतोय. ही कलमं नीट वापरली तर परवानगीशिवायही संरक्षण उरतं.

बेसिक-डीए

हजेरीपट, दर तोच राहिला हे बरोबर, पण तो दर कशाला लावायचा ते बदललं. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

जुन्या कायद्यात भरपाईसाठीच्या पगारात घरभाडे भत्त्यासह बहुतेक भत्ते धरले जायचे. संहितेतल्या ‘वेतन’ या व्याख्येत घरभाडे आणि प्रवास भत्ता वगळलेत. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तरच जास्तीचा भाग परत वेतनात येतो.

उदाहरण घ्या. महिना २६,००० रुपये, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २०,८००, बाकी ५,२०० घरभाडे आणि प्रवास भत्ता. नोकरी ८ वर्षं.

जुना हिशेब: २६,००० चे निम्मे १३,०००, गुणिले ८ = १,०४,०००.
नवा हिशेब: २०,८०० चे निम्मे १०,४००, गुणिले ८ = ८३,२००.

२०,८०० रुपये गेले. नोटीस पगारातले ५,२०० वेगळे. बदल्यात पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्यांसाठी संहितेने काढलेला निधी) शेवटच्या पगाराचे १५ दिवस, कपातीपासून ४५ दिवसांच्या आत खात्यात. ते एकदाच मिळतात, वर्षामागे नाहीत. म्हणजे १०,४००. तूट निम्मीही भरत नाही.

ज्याचं बेसिक मुद्दाम ३० टक्क्यांवर ठेवलं होतं त्याची ग्रॅच्युइटी मात्र या व्याख्येने वाढेल. बेसिक चांगलं असलेल्या, जुन्या, परमनंट माणसाचं नुकसान आहे.

हजेरीपट

हा मुद्दा मी धरला नव्हता, मान्य. एक भर: ग्रॅच्युइटी काढताना महिन्याचं वेतन २६ ने भागतात, कपातीची भरपाई काढताना महिना ३० दिवसांचा धरतात. पुष्कळ हिशेबनीस दोन्हीकडे एकच सूत्र लावतात. तुमच्या उदाहरणात ग्रॅच्युइटी २०,८०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ८ = ९६,००० येते. ती भरपाईत मुरवलेली नाही ना, हे हिशेबाच्या कागदावर वेगळ्या ओळीत बघावं.

तरी मर्यादेबद्दलचं मत बदलत नाही.

दुसरी पाळी

मग तुमचाच ठेकेदाराचा मुद्दा पुढे नेते. मर्यादा ३०० झाल्यावर परमनंट भरती होईल असं तुम्ही धरून चालला आहात. पण त्याच संहितेने ठरावीक मुदतीची नेमणूक सगळ्या कामांना खुली केली आहे. मुदत संपली म्हणून माणूस गेला तर ती कपात धरतच नाहीत. १५ दिवस नाहीत, सेवाज्येष्ठता नाही, पुनर्कौशल्य निधी नाही. एका वर्षानंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळते, हा एवढाच नवा फायदा. अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुका देणाऱ्याकडे तोही मिळेल का, ते बघा.

महाराष्ट्रात याच्याविरुद्ध हत्यार आहे: १९७१ च्या राज्याच्या कायद्यात, कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली कामगार (दुसऱ्याच्या जागेवर) किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. तक्रारीची मुदत ९० दिवस. संहितेत मुदतीची नेमणूकच कायदेशीर करून ठेवल्यावर मालकाचा वकील आता तेच पुढे करणार.

फाइल नं. ७

त्या ९० दिवसांबरोबर आणखी एक तारीख लक्षात ठेवा. कामावरून काढल्याचा वाद समेट अधिकाऱ्याकडे (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) नेल्यावर ४५ दिवस गेले की कामगार स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणात जाऊ शकतो. जुन्या कायद्यात हे काढल्यापासून ३ वर्षांत करता यायचं, आता २ वर्षांत. कपात झालेल्यांना परत घेण्याचा प्राधान्यहक्कही आता कपातीपासून एका वर्षापुरताच आहे, पूर्वी त्याला काळाची अशी अट नव्हती. काढल्याचं पत्र मिळालं त्या दिवसाचा पुरावा, लिफाफ्यावरच्या टपाल शिक्क्यासकट, जपून ठेवा. पत्र न देता गेटवर अडवलं असेल तर त्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने ‘मी कामावर आलो होतो, आत घेतलं नाही’ एवढं तरी लिहून पाठवा. नाहीतर पुढे कंपनी म्हणते, हा स्वतःहून यायचा बंद झाला.