मदत हवी आहे: मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, आईसाठी कुठला मार्ग बरा?

नमस्कार मंडळी,

आई (वय ७१) जूनमध्ये साताऱ्याहून दादाकडे सॅन होजेला चालली आहे. एकटी, आणि विमानात पहिल्यांदाच. गुडघे दुखतात, दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. आमच्या तारखांना थेट विमान मिळत नाहीये आणि दोन पर्यायांत आमचं अडलंय.

एक फ्रँकफर्टवरून: मुंबईहून साधारण ६,५५० किमी, ९ तास. तिथे साडेतीन तास थांबायचं, मग ९,१५० किमी, साडेअकरा तास. दुसरा दुबईवरून: आधी जेमतेम १,९३० किमी, तीन तास, पण पुढे एका दमात १३,००० किमी, म्हणजे जवळजवळ १६ तास! एकूण अंतर दुबईवरून थोडं कमीच भरतं, पण तिचे गुडघे एवढा वेळ दुमडून राहतील का, याची मला काळजी आहे.

फ्रँकफर्टच्या तिकिटावर मुंबई पहाटे २:००, सॅन फ्रान्सिस्को त्याच तारखेला दुपारी १:३० असं आहे. आई म्हणाली, "अगं, साडेअकरा तासांचाच तर प्रश्न आहे." जूनमध्ये तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं, म्हणजे प्रवास पुरते २४ तासांचा. हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ती जरा वेळ गप्पच झाली. त्यात आदल्या दिवशी दुपारी ४ ला घर सोडायचं. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान, दादाची गाडी हे वेगळंच. डॉक्टरांनी सांगितलंय, कुठे किती वाजलेत ते सोडा, दोन जेवणांत आणि दोन इंजेक्शनांत किती तास जातात ते लिहून आणा. म्हणून ही एवढी आकडेमोड.

काल तिने भाच्याचा पृथ्वीगोल मांडीवर घेतला. शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबून धरला आणि सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणला. दोरा युरोपकडे वळलाच नाही. लडाख, सायबेरिया, आर्क्टिक महासागर करत अलास्कावरून खाली उतरला. पट्टीवर मोजला तर सुमारे ३२ सेंमी. गोल ३० सेंमी व्यासाचा आहे, म्हणजे १ सेंमीला साधारण ४२५ किमी. गुणाकार १३,६०० वर गेला. खरं सरळ अंतर १३,५०० च्या आसपास आहे! तेव्हापासून तिची भीती बरीच कमी झालीय. "एवढाच दोरा आहे ना," म्हणते.

ज्यांनी आईवडिलांना यातल्या एखाद्या मार्गाने नेलंय, त्यांनी कृपया सांगा:

सोळा तासांत त्यांना उठून फिरता आलं का? पायांना सूज आली का? व्हीलचेअर सांगितली असेल तर फ्रँकफर्टला साडेतीन तास पुरतात ना? ती हिंदी बोलते, इंग्रजी अगदी कामापुरतं. मधल्या विमानतळावर मदतीला माणूस नेमका कुठे भेटतो, विमानाच्या दाराशी की पुढे?

शुक्रवारपर्यंत तिकीट काढायचं आहे.